गाण्याची जमीन

मागल्या हिवाळ्यात पनवेलला आमच्या नात्यातल्या एका मुलाची हळद होती. कोकणी मुसलमानांच्या घरात हळद कशी, असे विचारणारे आमच्यातही आहेत. त्यांना उत्तर द्यायची ही जागा नव्हे. हॉलमध्ये डीजे लावला होता. रात्री नऊच्या सुमारास आगरी-कोळी गाणी सुरू झाली आणि एवढा वेळ बिर्याणीची वाट पाहत खुर्च्यांना चिकटून बसलेली मंडळीसुद्धा उठली. तळोज्याची, मुंब्र्याची, नेरुळची पोरे, बहरीनहून सुट्टीवर आलेले जावई, सगळे नाचले. आम्हीही दोन पावले टाकली, खोटे कशाला बोला. ऐंशीच्या घरातली आमची एक खाला कोपऱ्यात बसली होती. तिने शेजारच्या पोराला विचारले, “हे गाणं कुणाचं रे?” पोराने मोबाईलमधून डोके वर न काढता सांगितले, “यूट्यूबचं.”

सगळे हसले. खाला हसली नाही. म्हणाली, “तसं नाही विचारत मी. हे कुणाच्या घरचं?”

नवी मुंबईत राहणाऱ्या माणसाला हा प्रश्न अडचणीचा आहे. कारण तो गाण्यापाशी थांबत नाही. गाणे कोणाच्या घरचे, असे विचारले की मग घर कुठे होते, ते कोणत्या जमिनीवर उभे होते आणि आज त्या जमिनीवर कोण उभे आहे, हेही ओघाने येते. तिथे बहुतेक वेळा आपणच उभे असतो.

‘वसाहत’ या मराठी शब्दाची आम्हांला नेहमी गंमत वाटत आली आहे. इंग्रजांनी, पोर्तुगीजांनी जगभर केल्या त्याही वसाहती आणि आम्ही कर्ज काढून ज्यात फ्लॅट घेतले त्याही वसाहतीच. तळोज्याला औद्योगिक वसाहत, शेजारी गृहनिर्माण वसाहत. शब्द एकच. तो एकच असणे हा निव्वळ योगायोग आहे असे आम्हांला पूर्वी वाटे. आता तसे वाटत नाही.

१७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली. ठाणे आणि तेव्हाच्या कुलाबा (१९८१ पासून रायगड) जिल्ह्यातील ९५ गावांच्या टापूत, सुमारे ३४४ चौरस किलोमीटरवर नवे शहर वसवायचे ठरले. जमीन रिकामी नव्हती. भाताची खाचरे होती, खाजणे होती, आगऱ्यांची मिठागरे होती, कोळ्यांची खाडी होती. पनवेल, तळोजे, उरण या भागांत आमचेही मोहल्ले पिढ्यान्‌पिढ्यांचे. ही जमीन संपादन झाली ती प्रामुख्याने १८९४ च्या भूसंपादन कायद्याखाली. राणी व्हिक्टोरियाच्या राज्यातला कायदा! ‘सार्वजनिक प्रयोजन’ हे दोन शब्द उच्चारले की सरकारला कोणाचीही जमीन घेता येईल, अशी त्याची रचना. इंग्रज १९४७ ला गेले. त्यांचा हा कायदा मात्र २०१३ पर्यंत राहिला आणि १ जानेवारी २०१४ पासून त्याची जागा नव्या कायद्याने घेतली. म्हणजे साम्राज्य गेल्यावर त्याची कात्री आणखी सहासष्ट वर्षे आपल्याच माणसांच्या हातात चालू राहिली. १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला जासई-दास्तान फाटा आणि पागोटे येथे शेतकऱ्यांवर गोळीबार झाला. पाच जण गेले. जासईचेच दि. बा. पाटील या लढ्याचे नेते होते. त्यातून पुढे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याचे धोरण आले. हा इतिहास इथल्या आगरी-कोळी मुलांना पाठ आहे. आमच्या सोसायटीतल्या मुलांना तो माहीत नाही. पण गाणी मात्र त्यांना पाठ आहेत.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. परकी सत्ता गाण्याचे काय करते?

एक मार्ग सरळ बंदीचा. गोव्यातल्या इन्क्विझिशनने १७३६ साली फर्मान काढून ख्रिस्ती झालेल्या लोकांच्या लग्नातली जुनी गाणी, ओव्या, तुळस, विड्याची पाने, धोतर अशा बारीकसारीक गोष्टींवर बंदी घातली. तोफा आणि किल्ले असलेल्या सत्तेला लग्नघरातल्या बायकांच्या ओव्यांची भीती वाटावी, हे आधी हास्यास्पद वाटते. मग लक्षात येते, त्यांना गाण्याची ताकद आपल्यापेक्षा जास्त कळली होती. कॅनडात सरकारने १८८५ पासून पॅसिफिक किनाऱ्यावरच्या मूळ रहिवाशांचा ‘पॉटलॅच’ हा सोहळा बेकायदा ठरवला. त्यात गाणी, नाच, दानधर्म आणि कुळाच्या हक्कांची जाहीर घोषणा हे सगळे एकत्र असे. ती बंदी १९५१ मध्ये उठली.

पण बंदीने गाणे मरत नाही, निदान सहजी मरत नाही. उरणचा करंजा भाग, वसई, साष्टी हा मुलूख अठराव्या शतकाच्या चौथ्या दशकापर्यंत पोर्तुगीजांकडे होता. तिथले ख्रिस्ती आजही लग्नात आपल्या मराठीत गाणी म्हणतात. (या लोकांनी १८८७ साली, राणीच्या राज्यारोहणाला पन्नास वर्षे झाली तेव्हा, स्वतःला ‘ईस्ट इंडियन’ म्हणवून घेतले. मूळचे इथलेच, नाव मात्र कंपनीचे. वसाहत माणसाच्या नावातही घर करते ती अशी.) बंदी घातली की गाणे चुलीपाशी जाऊन बसते आणि हळू आवाजात म्हटले जाते. सरकार थकते, बायका थकत नाहीत.

दुसरा मार्ग इंग्रजांचा. आमच्या माहितीत त्यांनी कुलाबा जिल्ह्यातल्या कोणाच्या लग्नगीतावर बंदी घातली नाही. उलट त्यांचे अधिकारी गॅझेटियरांत या लोकांच्या चालीरीती, पेहराव, देवदेवता बारकाईने नोंदवून ठेवत. त्यांनी फक्त जंगलाचा कायदा केला. १८६५ चा पहिला, १८७८ चा दुसरा, १९२७ चा तिसरा. राखीव जंगल म्हणजे सरकारचे जंगल. त्यात शिरायचे तर परवानगीने. ठाणे-कुलाब्यातला शेतकरी भाताचे रोप तयार करण्यासाठी जमिनीवर टहाळ, पाला, शेण पसरून राब भाजत असे. त्या टहाळासाठीही आता साहेबाच्या तोंडाकडे पाहायचे. तक्रारी एवढ्या वाढल्या की १८८५ मध्ये मुंबई सरकारला फॉरेस्ट कमिशन नेमावे लागले. १८८७ मध्ये त्याचा अहवाल आला. जंगल सरकारचेच राहिले.

आगऱ्यांना निदान शेत होते, मीठ होते. कातकऱ्यांचे काय? त्यांचे नावच त्यांच्या धंद्यावरून पडले आहे. खैराच्या गाभ्याचे तुकडे मडक्यांत उकळायचे, अर्क आटवायचा, त्याच्या वड्या थापून वाळवायच्या, तो कात. कात करणारा तो कातकरी, काथोडी. खैर सरकारजमा झाला तेव्हा कातकऱ्याचे नाव राहिले आणि नावातला अर्थ गेला. एखाद्या माणसाचा धंदा गेला तर तो दुसरा शोधतो. एका अख्ख्या जमातीच्या नावातून काम काढून घेतले तर ती कोण म्हणून उरते?

गाण्याचे मरण येथे सुरू होते, असे आमचे मत आहे. आपण समजतो की गाणे गळ्यात असते. गाणे गळ्यात नसते. ते माणूस, त्याचे काम आणि त्याची जागा या तिघांच्या मध्ये कुठेतरी असते. भट्टीपाशी बसलेल्या माणसाला वेळ असतो, वेळ असला की आवाज लागतो, आणि त्या आवाजात समोरचा ओढा, वरचा डोंगर, कोणत्या झाडाखाली काय झाले ते येते. ओढ्यावर गाणे म्हणणाऱ्याला ओढ्यापर्यंत जाऊच दिले नाही, तर गाण्यावर वेगळी बंदी घालायची गरज राहत नाही. एक पिढी ते आठवणीने म्हणते. दुसरी अर्थ न कळता म्हणते. तिसरी म्हणत नाही. पोर्तुगिजांचा मार्ग रानटी होता खरा, पण इंग्रजांचा मार्ग जास्त परिणामकारक होता. आणि त्यात कोणाच्या हाताला रक्त लागत नाही. रक्त नाही लागत, हे मात्र चुकले. चिरनेरला लागले.

उरण तालुक्यातले चिरनेर. २५ सप्टेंबर १९३०. मिठाच्या सत्याग्रहाचे वर्ष. महाराष्ट्रात ठिकठिकाणी जंगलचा कायदा मोडला जात होता. अक्कादेवीच्या डोंगरावर आगरी, कोळी, कातकरी कोयते घेऊन झाडे तोडायला गेले. पोलिसांनी गोळ्या घातल्या. चिरनेर आठ हुतात्मे सांगते. त्यांत नाग्या महादू कातकरी हे एक. दरवर्षी २५ सप्टेंबरला तिथे मानवंदना दिली जाते, पुढारी येतात, भाषणे होतात. आम्ही ती ऐकली आहेत. त्यांत ‘देशासाठी’ हा शब्द फार येतो. तो चूक नाही. पण नाग्या कातकऱ्याच्या डोळ्यांपुढे त्या सकाळी देशाचा नकाशा होता, की एक ठरावीक डोंगर होता? आम्हांला वाटते, डोंगर होता. आणि डोंगराला देशापेक्षा कमी लेखायचे कारण नाही.

इथवर लिहिणे आम्हांला सोपे गेले, कारण दोष इंग्रजांचा आणि पोर्तुगिजांचा होता. आता थोडे घरचे.

आमच्या आजोबांची पनवेलच्या बंदरालगत कोळशाची वखार होती. जंगलाचा ठेका घेणारे लोक वेगळे; त्यांच्याकडून आजोबा माल घेत, तो मचव्यांतून मुंबईला जाई आणि मुंबईच्या चुली पेटत. पुढेपुढे आजोबांनी स्वतःही भट्ट्या लावल्या. भट्ट्यांवर कातकरी. पावसाळ्यात वाडीत दाणा नसे, कोणाचे लग्न निघे, तेव्हा त्यांना ‘उचल’ द्यायची. दिवाळी सरली की ते कुटुंबासह कोळसा पाडायला जात आणि मिरग जवळ येईपर्यंत राबत. हिशेबाच्या वेळी उचल फिटलेली नसे. ती कधीच फिटत नसे. ज्या झाडांचा त्यांनी कधी कात केला, त्याच जंगलाचा कोळसा त्यांच्याच हातून झाला. इंग्रजांनी दार बंद केले; बंद दाराबाहेर दुकान आम्ही थाटले. आम्हीच एकटे नव्हे, सर्व जातिधर्मांचे व्यापारी त्यात होते. पण ‘इतरही होते’ हा युक्तिवाद आपण दुसऱ्यांच्या तोंडून ऐकतो तेव्हा आपल्याला तो पटत नाही.

आजोबा पाच वक्तांचे नमाजी होते. जकात काढत. रमजानात वाडीवर तांदूळ पाठवत. घरात त्यांची आठवण भला माणूस म्हणूनच आहे, आणि ती खोटी नाही. रात्री जेवल्यावर ते पान खात. पानाला कात लागतोच. त्या झाडाचे नाव खैर, आणि आमच्या बोलण्यात ‘खैर’ म्हणजे भले, कुशल. दोन्ही शब्दांची मुळे वेगळी आहेत, हे आम्हांला ठाऊक आहे. तरी आजोबांच्या लाल ओठांची आठवण आली की तो खैर आणि हा खैर वेगळे करता येत नाहीत.

इंग्रजांचे राज्य दीडशे-पावणेदोनशे वर्षे टिकले ते तोफांच्या बळावर, असे शाळेत शिकवतात. तोफा होत्याच. पण जंगलापासून चुलीपर्यंत जी साखळी होती तिची एकेक कडी आमच्या आजोबांसारखा भला माणूस होता. वसाहतवादाचा परिणाम म्हणजे फक्त ज्याचे गेले त्याच्यावरचा परिणाम नव्हे. ज्याच्याकडे ते आले, त्याला ते आपलेच वाटू लागते. हाही परिणाम, आणि हा जास्त टिकाऊ.

काही वर्षांपूर्वी आम्हांला कातकऱ्यांची गाणी गोळा करायचा नाद लागला होता. कर्नाळ्याच्या पलीकडच्या एका वाडीवर गेलो. ओळखीच्या शिक्षकांनी एका म्हातारीचे नाव सुचवले होते. तिला जुनी गाणी येतात म्हणून. अंगणात बसलो, चहा झाला, रेकॉर्डर काढला. ती रेकॉर्डरकडे पाहत म्हणाली, “गानं घेऊन काय करशील, शेट?”

आम्ही सांगितले, जपून ठेवू. ती हसली. मग तिने गायला सुरुवात केली आणि आम्ही कान टवकारले. गाणे हिंदी सिनेमातले होते. नातवंडे खिदळायला लागली. आम्ही म्हटले, आजी, हे नको, तुमचं जुनं गाणं. ती म्हणाली, हे पण माझंच आहे, वीटभट्टीवर रोज वाजायचं.

घरी येताना आम्ही नाराज होतो. चांगला आठवडाभर नाराज होतो. मग नाराजीचीच लाज वाटू लागली. आम्हांला त्या बाईकडून काय हवे होते? शंभर वर्षांपूर्वी गॅझेटियर लिहिणाऱ्या साहेबाला हवे होते तेच: शुद्ध, जुने, न बदललेले. तिच्या आजीच्या गाण्यात भट्टी असेल तर ती कोळशाची. हिच्या आयुष्यात वीटभट्टी होती आणि तिथे ठेकेदाराचा ट्रान्झिस्टर होता. ते गाणे ऐकत तिने विटा थापल्या. त्याच विटांनी आमच्या वसाहती बांधल्या गेल्या. ते गाणे तिचे नाही, असे म्हणणारे आम्ही कोण? ‘आदिवासी’ म्हणून कोणाला ओळखायचे, कोणते गाणे त्याचे मानायचे, हे ठरवण्याचा अधिकारही आपण इंग्रजांकडून वारशाने घेतला आहे आणि तो आपल्याकडे आहे हे आपल्या लक्षातही येत नाही. भिल्ल कवी वाहरू सोनवणे यांची ‘स्टेज’ ही कविता बऱ्याच वाचकांना माहीत असेल. दुसऱ्यांनी व्यासपीठावर चढून आदिवासींचे दुःख सांगावे आणि ज्यांचे दुःख त्यांनी खाली बसून ऐकावे, हा तिचा विषय. आम्ही ती अनेकदा वाचली, वाचून दादही दिली. रेकॉर्डर घेऊन गेलो तेव्हा मात्र ती आठवली नाही.

आमच्या फिकहमध्ये एक जुना मसला आहे. दुसऱ्याची वस्तू हक्क नसताना बळकावणे याला ‘गसब’ म्हणतात. बळकावलेल्या जमिनीवर कोणी नमाज पढली, तर ती होते का? इमाम अहमद बिन हंबल यांच्या नावे सांगितले जाणारे प्रसिद्ध मत असे, की होत नाही. आमचे कोकणी मुसलमान शाफई. शाफईंचे आणि हनफींचे म्हणणे, की नमाज अदा होते, पण जमीन अडवून ठेवल्याचा गुन्हा डोक्यावर तसाच राहतो. इमाम गझालींनीही या वादाची चर्चा केली आहे. लहानपणी मदरशात हे ऐकले तेव्हा वाटले होते, असले प्रश्न कोणाला पडत असतील! आता रोज पडतो. नमाजीबद्दल फतवा देणे हे आमचे काम नाही. आम्ही तो मसला गाण्याला लावून पाहतो. ज्याची जागा गेली त्याच्या गाण्यावर, त्याच जागी उभे राहून नाचलो, तर तो आनंद ‘होतो’ का?

कोणी म्हणेल, सिडकोची जमीन म्हणजे गसब नव्हे. मोबदला दिला गेला, तो कमी वाटला म्हणून लोक लढले, साडेबारा टक्के मिळवले. मान्य. कायद्याच्या भाषेत ते संपादन आहे. पण मोबदला कोणाला मिळाला, हे पाहिले पाहिजे. सातबारावर ज्याचे नाव, त्याला. कातकऱ्याचे नाव बहुधा कुठेच नव्हते. त्याची वाडी कोणा मालकाच्या, खोताच्या जमिनीवर, नाहीतर जंगल खात्याच्या हद्दीत. ज्याच्याकडे कागदच नाही त्याच्याकडून काही घेतले गेले, हे सिद्ध करणार कसे? इंग्रजी राज्याने जे सर्वांत खोल रुजवले ते हेच: कागदावर नाही ते अस्तित्वात नाही. गाणे तर कागदावर कधीच नव्हते. एखाद्या म्हाताऱ्या बाईच्या गाण्यात पन्नास पाणवठ्यांची नावे ओळीने आली, तरी तलाठ्याच्या दप्तरी तो पुरावा होत नाही.

आगऱ्यांची गोष्टही सरळ नाही. त्यांच्या लग्नात धवलारीण धवले गाऊन विधी पार पाडते, त्यात भटजीची गरज नसते. मराठीत धवळ्यांची परंपरा तेराव्या शतकातल्या महदंबेपर्यंत जाते. मराठीतल्या पहिल्या कवयित्रीची रचना म्हणजे लग्नात गायचे धवळेच. इतका जुना वारसा. आज धवलारणी विरळ झाल्या आहेत आणि हॉलमध्ये डीजे आहे. डीजेवरची गाणी करणारी मुले मात्र आगरी-कोळीच आहेत. त्यांचे स्वतःचे स्टुडिओ आहेत, पैसा आणि नाव त्यांना मिळते. हे आम्हांला चांगले वाटते. विमानतळासाठी उलव्याची टेकडी फोडली, नदीचा प्रवाह वळवला, दहा गावे उठवली. ८ ऑक्टोबर २०२५ ला उद्घाटन झाले. त्याआधी दि. बा. पाटलांचे नाव विमानतळाला मिळावे म्हणून २०२१ मध्ये हजारो लोक रस्त्यावर उतरले, तेव्हा गाणीही निघाली. मिठागर गेले तरी आगऱ्याचे गाणे गेले नाही, ते आंदोलनात आले. मग आम्ही वर मांडलेली गोष्ट खोटी ठरते का? पूर्ण नाही. आगरी समाजाकडे थोडी जमीन, संख्या, मतपेटी आणि साडेबारा टक्के होते. गाण्याला उभे राहायला तेवढी जागा पुरली. कातकऱ्याला तेवढीही नव्हती. म्हणूनच नाग्या कातकऱ्याच्या जिल्ह्यात त्याची जमात आजही ‘विशेष असुरक्षित आदिवासी गटा’त मोजली जाते.

दक्षिण आफ्रिकेतल्या सॉलोमन लिंडा या झुलू गायकाने १९३९ मध्ये जोहान्सबर्गला एक गाणे ध्वनिमुद्रित केले. हक्क विकले दहा शिलिंगांना. ते गाणे अमेरिकेत गेले, नव्या शब्दांत जगभर गाजले, सिनेमात आले. लिंडा १९६२ मध्ये गरिबीत वारला. २००६ मध्ये तडजोड झाली आणि त्याच्या मुलींना पैसे मिळू लागले. ही हकीकत वाचून आम्हांला एक गोष्ट पटली. त्या मुलींना गाणे परत द्यायचे नव्हते. गाणे त्यांना येतच होते. त्यांचे देणे होते ते पैशांचे. गाण्याबद्दलची कृतज्ञता गाण्यात फेडता येत नाही. महोत्सवात कातकरी नाच बसवला, ध्वनिफीत काढली, कोणी प्रबंध लिहिला, की आपल्याला वाटते काही परत केले. परत काय करायचे ते कायद्याने लिहूनच ठेवले आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या प्रस्तावनेत वसाहतकाळात आणि स्वतंत्र भारतातही वननिवासींवर ‘ऐतिहासिक अन्याय’ झाल्याची कबुली आहे. इतका स्पष्ट शब्द आपल्या सरकारांनी क्वचित वापरला असेल. दावे भरायचे, पुरावे जोडायचे, जातीचे दाखले काढायचे, घराखालची जागा नावावर करून घ्यायची. हे काम कंटाळवाणे आहे, त्यात सूर नाही आणि फोटोही चांगले येत नाहीत. म्हणून आमच्यासारखे लोक गाणी गोळा करतात.

आमच्या घरातल्या बायकांची लग्नातली गाणी कोणी संपवली, हा प्रश्न उरतोच. आमचे तर कोणी जंगल घेतले नव्हते. त्यावर पुन्हा केव्हातरी. तिथे साहेबाला दोष देता येणार नाही, एवढेच आज म्हणतो.

खालाने विचारल्यावर आम्ही घरी येऊन माळ्यावरची पत्र्याची पेटी काढली. आजोबांची एक चोपडी तिच्यात आहे. वाळवीने कडा खाल्ल्या आहेत, पण अक्षर बाळबोध, मुनीमजीचे, स्वच्छ. डाव्या बाजूला नाव आणि वाडी, मधल्या रकान्यात उचल, उजवीकडे जमा. नावे एकेरी. बापाचे नाव नाही, आडनाव नाही. जमेचा रकाना बहुतेक पानांवर कोरा.

ती चोपडी घेऊन आम्ही पुन्हा त्या वाडीवर गेलो. जायला नको होते, असे घरातल्या थोरांचे मत पडले. झाकली मूठ कशाला उघडता, म्हणाले. म्हातारी आता अंथरुणाला आहे, पण कान शाबूत. या वेळी रेकॉर्डर नेला नव्हता. चोपडी कसली आहे ते तिला सांगितले. ती काही बोलली नाही. नुसते म्हणाली, “वाच.”

आम्ही तिच्या वाडीच्या पानापासून वाचू लागलो. एकेक नाव आणि पुढे आकडा. चौथ्या-पाचव्या नावाला तिने हात वर केला. मुनीमजींनी नाव आपल्या कानाने लिहिले होते; तिने ते नीट उच्चारून दाखवले आणि तो कोणाचा कोण, कुठल्या ओढ्यापाशी राहायचा, ते सांगितले. आम्ही पेन्सिलीने शेजारी लिहून घेतले. पुढचेही तसेच. हळूहळू अंगणातून दोन-तीन म्हातारी माणसे आत येऊन बसली. ती आमच्या मागोमाग नावे म्हणू लागली, आधी पुटपुटत, मग मोठ्याने. आकडे मात्र त्यांनी सोडून दिले. पान संपले तेव्हा आम्ही थांबलो.

“आणखी हायत?” तिने विचारले.

आम्ही म्हटले, आहेत, पंचवीसेक पाने आहेत.

“मंग थांबलास कशाला?”